नाव बापूजीचं, खोल्या आपल्या

आदिलाबाद
१२ मे २०२३

राघवेंद्र, आशीर्वाद.

काल फोनवर तू चारदा "हो ताई" म्हणालास आणि फोन ठेवलास. तुझं "हो ताई" मी तू निकर घालायचास तेव्हापासून ओळखते. त्याचा अर्थ "तू बोल, मी माझंच करीन" एवढाच असतो. म्हणून हे पत्र. पत्राच्या मध्येच कुणाला "हो ताई" म्हणून कडी लावता येत नाही.

तू हैदराबादला रविवार-रविवार पैसे भरून भाडेउत्पन्नाचं शास्त्र शिकतोस असं तुझ्या सुनयनानं सांगितलं. घर घ्यायचं, भाडेकरूनं कर्ज फेडायचं आणि मालकानं झोपून राहायचं. तुझ्या त्या गुरुजींनी रविवारी सकाळी भाडेकरूची तुंबलेली मोरी कधी पाहिली आहे का, ते एकदा विचार. आपल्या घराचा पुढचा भाग बाबा गेल्यापासून मीच भाड्यानं देत आले. मला कुणी प्रमाणपत्र दिलं नाही, पण चार गोष्टी सांगते, फुकट आहेत म्हणून टाकून देऊ नकोस.

भाड्यासाठी घर बघायचं तर मे महिन्यातल्या दुपारी बघावं. श्रावणात प्रत्येक बोअरला पाणी असतं आणि प्रत्येक मालक सज्जन असतो. मोटर चालू करायला लावून तिथेच अर्धा तास उभं राहायचं, चहा देतील तो घ्यायचा, पण पाण्याची धार कमी होते का याच्यावरून नजर हलवायची नाही. मालकाला काही विचारू नये. समोरच्या किराणावाल्याला विचारावं, या घरात माणसं टिकतात का? त्याच्याकडे उधारी ठेवून कोण कधी गेलं ते त्याला पाठ असतं. वर्षाचं भाडं बारा महिन्यांनी मोजणारा माणूस बुडतो. दहा महिन्यांचं मोज. एक महिना घर रिकामं राहतं आणि एका महिन्याचं भाडं नळ, रंग आणि मोटर खाऊन टाकतात. विजेचं मीटर प्रत्येकाला वेगळं, नाहीतर तुझं आयुष्य दोन बायकांमध्ये पंख्यांचे तास वाटण्यात जाईल. आणि मुख्य गोष्ट, कर्जाचा हप्ता भाड्याच्या भरवशावर ठेवायचा नाही. भाडं वर्षभर आलं नाही तरी पगारातून हप्ता जाईल तेवढंच कर्ज. बाकीचं सगळं जुगार.

आणखी एक. जिल्ह्याचे चार तुकडे झाले, कचेऱ्या निर्मलला आणि मंचेरियालला गेल्या, तेव्हा आपल्या गल्लीतल्या निम्म्या खोल्यांना कुलपं लागली. "आपलाच माणूस पाहिजे, मराठी पाहिजे, नोकरीवाला पाहिजे" म्हणत देशपांडेकाकू दोन वर्षं रिकाम्या खोलीला झाडू मारत बसल्या. मी वीज खात्यातल्या तेलुगू जोडप्याला जागा दिली. ती मुलगी मला अजून "अम्मा" म्हणते आणि भाडं पाच तारखेच्या आत देते.

आता उटनूर.

तुला ही कल्पना इचोड्याच्या राजकुमारनं दिली. जमिनीचे सौदे ढाब्यावर बसून करणारा माणूस तो. "साब, उटनूर में रूम कभी खाली नहीं रहता." खोटं नाही ते. आश्रमशाळांचे मास्तर, दवाखान्यातल्या नर्सा, एजन्सीच्या कचेरीतले कारकून, सगळ्यांना खोली पाहिजे. आणि जागा अर्ध्या किमतीत. पण अर्ध्या किमतीत का, हे त्या राजकुमारनं सांगितलं का? सांगते. उटनूर, नार्नूर, तो सगळा पट्टा एजन्सीचा, म्हणजे आदिवासींसाठी राखलेला. तिथली जमीन आदिवासी माणूसच विकत घेऊ शकतो. आपण नाही. सत्तर सालचा कायदा आहे. म्हणून आपली माणसं काय करतात? एखाद्या गोंडाला गाठतात, कागदावर त्याचं नाव लावतात आणि भाडं स्वतः खातात. "सगळेच करतात, ताई," म्हणालास. सगळेच करतात म्हणून तर मी तीस वर्षं उटनूरच्या, नार्नूरच्या, इंदरवेल्लीच्या ओट्यांवर उभी राहून घसा फोडला! तुझ्या मुंजीच्या वेळीही माझा आवाज बसलेला होता तो त्यामुळेच.

तुला गुंतवणूकच करायची आहे ना? आपल्या घरावर मजला चढव. जमीन घ्यायची नाही, पाया बाबांनी दोन मजल्यांचा घातलेला आहे, बाहेरून जिना काढला की दोन स्वतंत्र भाग होतात. भाडेकरू मी बघीन. घर दोघांच्या नावावर आहे, माझी सही लागेल तिथे करीन.

उत्तर दे. "हो ताई" एवढंच असेल तर देऊ नकोस.

दमयंती

*

आदिलाबाद
२० ऑगस्ट २०२३

राघू,

बँकेचा मुलगा येऊन गेला. मी सह्या केल्या. त्याला वाटलं म्हातारी कुठे वाचते, पण मी चष्मा लावून पानन् पान वाचलं आणि त्याच्या कागदातल्या दोन चुका त्याला दाखवल्या. घर तारण, कर्जाचं कारण बांधकाम. ठीक आहे.

माझ्या म्हणण्याला तू इतक्या वर्षांत पहिल्यांदा मान दिलास. मला किती बरं वाटलं ते लिहीत नाही, तू डोक्यावर बसशील.

जिना पूर्वेकडून काढ. पश्चिमेकडून काढलास तर वरचा भाडेकरू खालच्याच्या न्हाणीसमोरून जाणार आणि मग रोज माझ्या दारात पंचायत. वर पाण्याची टाकी एकाऐवजी दोन. करार अकरा महिन्यांचा, अनामत दोन महिन्यांची, त्याहून जास्त मागू नये. जास्त अनामत देणारा माणूस बहुधा कुठून तरी पळून आलेला असतो. वर एखादी शिकणारी मुलगी आली तर मी पोहे फुकट घालीन, त्याचे पैसे धरू नकोस.

मिस्त्री कधी येतो ते कळव. वाळू टाकायला पुढची जागा मोकळी करून ठेवली आहे.

ताई

*

आदिलाबाद
१४ फेब्रुवारी २०२४

राघवेंद्र,

वाळू आली नाही, मिस्त्री आला नाही. "पावसामुळे, ताई." मग "दिवाळीमुळे, ताई." मग "स्टीलचा भाव, ताई." मी मूर्ख. तीस वर्षं लोकांना सांगत होते, गोड बोलणाऱ्याचा हात कुठे आहे ते बघा. भावाचा हात बघितला नाही.

नागोबाच्या जत्रेला केसलापूरला गेले होते. गर्दीत बापूजी सिडाम भेटले. तुला आठवतात का असं विचारणार होते, पण तुला चांगलेच आठवले, नाही का? बाबा उटनूरला महसूल खात्यात गिर्दावर होते तेव्हा सावकारानं दाबलेली यांच्या वडिलांची जमीन बाबांनी कागद शोधून परत मिळवून दिली. तेव्हापासून दर दसऱ्याला आपल्या दारात ज्वारीचं पोतं टाकून जाणारे बापूजी. वाकून नमस्कार केला म्हाताऱ्यानं. सगळे दात हसत होते.

"मॅडम, राघूबाबूच्या खोल्या झाल्या न! स्लॅब टाकून झाला. सहाच्या सहा भरल्या."

मी म्हटलं, "कुठल्या खोल्या?"

"माह्या जागेवर. सडकेच्या. काऊन, तुमाले सांगतलं नाही का त्याईनं?"

"आणि नाव?"

"नाव माह्यं, खोल्या तुमच्या." आणि मग माझा चेहरा बघून त्यांना वाटलं मला काळजी लागली. हात जोडून म्हणाले, "भेऊ नका, मॅडम. गिर्दावर सायबाचं मीठ खाल्लं हाये आमी. मी जित्ता हाव तवर तुमच्या खोल्याले कोनी हात लावत नाही."

"तुम्हाला काय मिळालं, बापूजी?"

"मले काय पाह्यजे? मांगचं घर गळून राह्यलं होतं, त्याच्यावर राघूबाबूनं नवे पत्रे टाकून देल्ले."

पत्रे! सडकेवरची जागा आणि बदल्यात पत्रे!

मी काय बोलले असेन? तुला वाटत असेल, ताईनं तिथेच भाषण ठोकलं असेल. नाही. त्या माणसाला मी काय सांगणार होते? की ज्या साहेबाचं मीठ तुम्ही खाल्लंत, त्याच्या पोरानं तुमच्या घरात शिरून तिजोरी उचलली? आणि तुम्हीच वर ती त्याच्या डोक्यावर ठेवून दिलीत?

आपल्या लोकांत एक वाक्य फार कौतुकानं म्हणतात, "गोंड शब्द मोडत नाही." मी लहानपणापासून ऐकत आले आणि मलाही ते कौतुकच वाटायचं. आज कळलं ते काय आहे. तो आपल्या गुंतवणुकीचा पाया आहे. आपण कागद करत नाही, साक्षीदार ठेवत नाही, कारण तो प्रामाणिक आहे हे आपल्याला ठाऊक असतं. चोरानं ज्याच्या घरी चोरी केली, चोरीचा माल त्याच्याचकडे सांभाळायला ठेवावा आणि निवांत झोपावं, असा भरवसा जगात दुसरीकडे कुठे मिळणार रे?

आणि पैसे माझ्या घराचे.

तू फोन करू नकोस. मी उचलणार नाही.

दमयंती देशमुख

*

आदिलाबाद
३ जुलै २०२५

राघवेंद्र,

सव्वा वर्षानंतर तुझं पत्र आलं. आयुष्यातलं पहिलं पत्र तू मला लिहिलंस, आणि तेही भाड्यासाठी.

बापूजी मे महिन्यात उन्हानं गेले. मी मातीला गेले होते. तू नव्हतास, हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

त्यांची मुलगी अर्पिता उटनूरच्या दवाखान्यात नर्स आहे. आदिलाबादच्या कॉलेजात ती माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. प्रश्न विचारून विचारून तिनं मला घाम फोडला होता. तू लिहितोस, ती "बिघडली". काय केलं तिनं? कोपऱ्याची खोली रिकामी झाली, ती तिथे राहायला आली आणि बाकीच्या पाच भाडेकरूंना म्हणाली, यापुढे भाडं माझ्या हातात द्या. याला बिघडणं म्हणतात का? ही मुलगी इतकी वर्षं त्याच उटनूरमध्ये दुसऱ्या कुणाच्या तरी खोलीत भाडं भरून राहत होती, राघवेंद्र! बापाची सडकेवरची जागा असताना! आणि ती ज्या घरमालकाला भाडं देत होती त्याची जागाही कुठल्या तरी गोंडाच्याच नावावर असणार. उटनूरमध्ये दगड मारला तर तो अशाच घरावर पडतो.

तू लिहितोस, "ताई, तुझा शब्द ती मोडणार नाही. तू एकदा जाऊन बोल." किती नेमकं ओळखलंस! माझा आवाज तुला कर्जासारखाच पाहिजे तेव्हा काढता येतो असं वाटतं का?

ऐक. तिचं बरोबर आहे. कायद्यानं बरोबर आहे, न्यायानं बरोबर आहे, आणि मी तिला कॉलेजात उभी राहून जे शिकवलं त्याप्रमाणे बरोबर आहे. मी तिला एकच सांगत आले, कागदावर तुझं नाव असेल तर तो कागद देवानं मागितला तरी द्यायचा नाही. ती शिकली. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत एक मुलगी शिकली, आणि तू मला सांगतोस, जा आणि पुसून टाक.

हप्ता तुझ्या पगारातून भर. हे मी तुला पहिल्याच पत्रात सांगितलं होतं.

दमयंती

*

आदिलाबाद
२२ सप्टेंबर २०२५

राघवेंद्र,

सुनयना येऊन गेली. तू तिला पाठवलंस की ती आपणहून आली, हे मी विचारलं नाही. पहाटेच्या बसनं आली आणि दारातच म्हणाली, "वन्सं, मला पाणी द्या आणि ओरडू नका. दोन्ही झालं की मी सांगते."

तुझी नोकरी गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत गेली. वर्षापेक्षा जास्त झालं. बायकोला तू तीन महिन्यांनी सांगितलंस. मला अजूनही सांगितलेलं नाहीस. इतके दिवस हप्ता फक्त त्या सहा खोल्यांवर चालू होता आणि मी तुला पगारातून भर म्हणून शहाणपण शिकवत होते.

मी तिला म्हटलं, "तो स्वतः का नाही आला?"

"तुमच्यासमोर यायची हिंमत नाही त्यांची."

"आणि तुझी आहे?"

"माझीही नाही. पण मला शाळेत मुलांसमोर उभं राहायची सवय आहे. तुम्ही त्याहून काय वाईट करणार?"

हसू आलं मला. तुझ्या बायकोला तुझ्यापेक्षा जास्त पाठीचा कणा आहे, हे मी लग्नातच सांगितलं होतं. मग तिला भाकरी वाढली. ती खाता खाता म्हणाली, "वन्सं, त्या मुलीकडे जा असं मी म्हणत नाही. मी फक्त सांगायला आले की हे घर जाणार आहे. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा." त्या क्षणी ती रडली असती तर बरं झालं असतं. मी तिच्यावर तुटून पडले असते.

बँकेची माणसं मागच्या आठवड्यातच येऊन गेली होती. सभ्य मुलं. बूट बाहेर काढून आत आली. नोटीस देताना एकानं विचारलं, "मॅडम, तुम्ही आमच्या कॉलेजात भाषणाला आला होतात ना?" मी हो म्हटलं. त्यानं खाली बघितलं. पुढच्या भागातल्या त्या तेलुगू मुलीनं ते बघितलं. काल तिचा नवरा अवघडून म्हणाला, "अम्मा, आम्ही आणखी एक जागा बघून ठेवतो, राग मानू नका." मी म्हटलं, बघा. भाडेकरू कसा निवडावा हे मला येतं. म्हातारपणी एकट्या बाईला भाड्यानं घर कोण देतं, ते मला आता शिकावं लागणार. दोन घरांत विचारून बघितलं. एक जण म्हणाला, मुलगा येऊन सही करेल का? दुसऱ्यानं विचारलं, तब्येत कशी असते?

आवाजावरून कळलं मला. घरात कुणी मेलं तर खोली पुन्हा भाड्यानं जात नाही, याची त्याला काळजी होती. मी स्वतः एका आजोबांना त्याच कारणानं नाही म्हटलं होतं.

मी उटनूरला जाणार नाही. हे ठरलेलं आहे. मंगळवारी बसस्टँडवर गेले होते ते पेपर घ्यायला. अर्पितानं माझ्याकडून जे घेतलं ते मी परत मागणार नाही. मोडून पडलेल्या घराच्या मोबदल्यात एक माणूस ताठ उभं राहत असेल, तर तो सौदा वाईट नाही, असं मी हजार लोकांसमोर म्हणू शकते.

रात्री भिंतीवर हात ठेवला की ते तेवढं मोठ्यानं म्हणता येत नाही.

ताई

*

आदिलाबाद
११ ऑक्टोबर २०२५

राघवेंद्र,

तुझ्या खोल्या तुला परत मिळाल्या. सहाही. भाडं पाच तारखेला अर्पिता गोळा करेल आणि तुझ्या खात्यावर टाकेल. थकलेल्या महिन्यांचं तिच्याकडे जमलेलं तेही टाकेल. बँकेत जाऊन हप्त्यांची मुदत वाढवून घे. दोन खोल्यांचं भाडं दुरुस्तीसाठी वेगळं ठेव, छताला पश्चिमेच्या कोपऱ्यात ओल आहे. हे व्यवहाराचं झालं.

आता उरलेलं ऐक. हे मी दुसऱ्या कुणाला लिहू शकत नाही, आणि तुला लिहिण्याची इच्छा नाही. तरी तुलाच लिहिते, कारण हे तुझं आहे.

मी परवा गेले. ती ड्यूटीवरून नुकतीच आली होती, पांढरा कोट दोरीवर टाकत होती. मला बघून तिला कळलं. खुर्ची दिली आणि म्हणाली, "च्या घ्या मॅडम, अन् जा. बोलू नका."

"का गं?"

"तुमी बोलल्या की मले नाही म्हनता येत नाही. कॉलेजपासून. म्हनून पह्यलेच सांगून राह्यले."

मी बोलले.

तुझी नोकरी सांगितली. ती म्हणाली, "वाईट झालं. पन माह्या बापाची जागा घेतली तवा त्याईची नोकरी होती न?" आपलं घर जातंय ते सांगितलं. तिनं विचारलं, "मग तुमी इथं ऱ्हाता का? ही खोली दोघीले पुरते." थट्टा नव्हती ती, राघवेंद्र. ती खरंच खाटेकडे बघून अंदाज घेत होती. मी म्हटलं, कायदा तुझ्या बाजूनं आहे, मला माहीत आहे. "तुमीच सांगतला होता तो कायदा. मी इथं आले त्या रात्री लय भेव लागून राह्यलं होतं, लोक काय म्हनतील, राघूबाबू काय म्हनतील. मंग तुमचा आवाज आठोला अन् झोप लागली."

इथे मी उठून निघायला हवं होतं. माझी पिशवी हातात होती.

मी म्हटलं, "अर्पिता, केसलापूरला, नागोबाच्या दारात, तुझ्या बापानं हात जोडून मला शब्द दिला होता. या खोल्यांना कुणी हात लावणार नाही म्हणून."

"बाबा असं बोलला? देवापुढं?"

"हो."

बापूजी काय म्हणाले होते ते मी तुला तेव्हाच लिहिलं होतं. ते म्हणाले होते, मी जिवंत आहे तोवर. त्यांनी शब्दाला मुदत घातली होती. साध्या माणसानं किती नेमका करार केला होता! आणि मी, जिनं आयुष्यभर सरकारच्या कागदांतली गिळलेली अर्धी वाक्यं लोकांना वाचून दाखवली, मी ते अर्धं वाक्य गिळलं. मुद्दाम. पूर्ण शुद्धीत. ते गिळल्यावर पुढचं मी इतकं सुंदर बोलले की काय सांगू! बापाच्या शब्दाबद्दल, मेलेल्या माणसाची लाज राखण्याबद्दल, तिच्या कुळाबद्दल. शेजारच्या खोलीतल्या मास्तरीणबाई दारात येऊन ऐकत उभ्या राहिल्या. पदरानं डोळे पुसत होत्या. असं भाषण मला कधीच जमलं नव्हतं.

अर्पितानं दोरीवरचा कोट काढून त्याची घडी घातली. मग म्हणाली, "बस करा, मॅडम. बाबानं देल्ला असन तर देल्ला. मी मोडत नाही."

तुझ्या त्या वर्गात जोखीम मोजायला शिकवतात ना? मोज. ती तिशीची आहे. तब्येत उत्तम. जोवर ती जिवंत आहे तोवर या खोल्या तुझ्याच, कारण ती शब्द मोडणार नाही, आणि तसा शब्द कुणी दिलाच नव्हता हे सांगणारं तुझ्याखेरीज जगात एकच माणूस आहे. ते माणूस आता घर वाचल्यावर बोलणार नाही. मी रात्रभर स्वतःला सांगून बघितलं की उद्या जाईन आणि खरं सांगेन. सकाळी उठून पुढच्या भागातल्या मुलीला सांगितलं, दुसरी जागा बघू नकोस, सगळं मिटलं. त्यावरून मला कळलं मी जाणार नाही.

या पत्राला उत्तर नको. आभार तर नकोतच. तुझ्या लेकीच्या, आरोहीच्या लग्नात मला बोलावशील, मी येईन, अक्षता टाकीन आणि जेवून परत येईन. तिथे मला कुणी दोन शब्द बोलायला सांगू नका.

आणखी एक राहिलं. ती त्याच दुपारी खोली सोडायला लागली. मी म्हटलं, आजच कशाला, महिना जाऊ दे. ती म्हणाली, "नाही मॅडम, एकदा ठरलं की ठरलं." सामान कितीसं असणार. शेगडी, एक ट्रंक, बापाचा फोटो. खाट जड होती, तिला एकटीला दारातून निघत नव्हती. मी दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून ती मागच्या पत्र्याच्या घरात नेऊन ठेवली. नव्या पत्र्यांखाली भट्टीसारखं गरम होतं.

परत येऊन तिनं खोली झाडली, फडकं मारलं, किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाली, "रिकामी ठेवू नका. आमच्या दवाखान्यात नवीन सिस्टर आली हाये, खोली शोधून राह्यली. मी सांगते तिले. भाडं किती सांगू?"

नवा भाडेकरू येताना भाडं थोडं वाढवून सांगायचं असतं.

मी वाढवून सांगितलं.

दमयंती